कर्ण्यातला खर्ज

श्रीरामपुरात बेस गिटार वाजवणारी मुलं फार नाहीत. पण जी आहेत त्यांतलं प्रत्येक जण कधी ना कधी माझ्या दारात येतं आणि एकच विचारतं : काका, घरी रेकॉर्डिंग करायचंय, बेससाठी कुठला प्रोसेसर घेऊ? प्रोसेसर म्हणजे ते छोटं खोकं, जे मोठा बेस-अँप खोलीत नसताना त्याचा आवाज काढून देतं. कुणाच्या मोबाइलवर अमेरिकन खोक्याचं चित्र असतं, कुणाच्या जपानी. मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारतो, नक्कल कुठल्या आवाजाची करायची आहे? तो आवाज तू कुठे ऐकलास? इथे बहुतेक जण थांबतात. मग मी त्यांना गावाचा इतिहास सांगायला लागतो, कारण आपल्या कानात कोणता खर्ज बसला आहे याचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. त्यामुळे खर्ज मला कायम दोन बाजूंनी दिसला. एक, गाण्याचा पाया म्हणून. आणि दुसरा, तारेतून, ट्रान्सफॉर्मरमधून, स्पीकरच्या कागदी कोनातून मोठ्या कष्टानं बाहेर काढावी लागणारी गोष्ट म्हणून. आमच्या भागात हे कष्ट कुणी कसे घेतले, ते लिहून ठेवायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली तेव्हा आजचं श्रीरामपूर नव्हतं. प्रवरेकाठी बेलापूर होतं आणि त्या गावाच्या नावाचं, गावापासून काही मैल दूर, एक स्टेशन होतं. फलाटावरच्या पाटीवर आजही बेलापूर हेच नाव आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेचं पाणी कालव्यांनी इकडे आलं, ऊस आला. हरेगावात बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, आणि १९५० साली लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा सहकारी कारखाना. कामासाठी माणसं चहूकडून आली. माझे आजोबा हरेगावच्या कंपनीत असेच आले. येताना प्रत्येकानं आपापली वाद्यं आणली : कुणी हलगी, कुणी संबळ, कुणी तुणतुणं, कुणी पखवाज.

त्यांत खर्ज देणारं खरं वाद्य पखवाज. त्याच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते; डाव्या तोंडाला मात्र वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. कणीक जास्त तर आवाज खाली, कमी तर वर. उन्हाळ्यात ती भराभर सुकते आणि आवाज चढत जातो, म्हणून भजनाच्या मध्येच ओला हात फिरवावा लागतो. माझे चुलते हे काम बोलता बोलता करत. चमचाभर पिठानं खर्ज खाली ओढायचा ही युक्ती माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासाची सुरुवात आहे. ज्या खोल आवाजाला खरं तर मोठं ढोलकं लागतं, तो लहान खोडातून काढायचा. आजचं खोकं हेच करतं.

आम्ही ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीच्या चालीत बसवलं. हरेगावचं आमचं चर्च कॅथलिक. तिथे लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे. वडील चर्चमध्ये पायपेटी वाजवत. पायानं भाता मारायचा, दोन्ही हात सुरांवर मोकळे. त्यांचा डावा हात खालच्या सप्तकात सुरावटीच्या मागे न जाता एक-एक स्वर धरून ठेवायचा. बेस म्हणजे काय ते मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, गिटारवर नाही. सप्टेंबरातल्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला माणसांचा महापूर लोटतो, आणि त्या गर्दीपर्यंत ही पायपेटी पोचवायची तर मध्ये दुसरं यंत्र लागायचं. ते यंत्र म्हणजे कर्णा.

कर्ण्याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण सगळी गोम तिथे आहे. दिल्लीच्या आहुजांनी १९४० साली धंदा सुरू केला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी लाऊडस्पीकरवाला म्हटलं की त्याच्या टेबलावर आहुजाचं मशीन असणारच असं झालं. ॲम्प्लिफायर हा शब्द आम्ही कधी वापरला नाही, मशीनच म्हणायचं. पूर्वीची मशीनं वॉल्व्हची. चालू केलं की काचेतला तांबूस प्रकाश दिसायचा आणि थोड्या वेळानं आवाज यायचा. रामनवमीची यात्रा, गणपती, लग्न, निवडणुकीची सभा, सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह, जो दीड शतकाहून जास्त काळ दर वर्षी नव्या गावी भरतो, अशा सगळ्या ठिकाणी लिंबाच्या फांदीवर नाहीतर बांबूवर कर्णे टांगलेले असत. एका कर्ण्यापासून दुसऱ्यापर्यंत शेकडो फूट वायर. साध्या जोडणीत एवढ्या वायरमध्येच शक्ती संपून जाईल, म्हणून मशीनमधून शंभर व्होल्टची लाइन निघते आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर ती पुन्हा उतरवतो. गावापर्यंत वीज येते त्याच पद्धतीनं.

पण त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला खालचे स्वर झेपत नाहीत आणि कर्ण्याच्या तोंडाचा आकारही त्यांना पुरत नाही. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं कर्ण्यातून जवळजवळ काही येत नाही. आता बघा : काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार त्याहूनही खाली, ४१ हर्ट्झला. म्हणजे कर्ण्यावर खर्ज मुळात नव्हताच. तरीही सप्ताहाला बसलेल्या माणसाला पखवाज ऐकू येत होता, आणि तो खाली आहे हेही कळत होतं.

कारण वाद्य एकच स्वर काढत नाही. बेसच्या जाड तारेचंच घ्या. ४१ च्या जोडीला ८२, १२३, १६४ असे पटीतले स्वर तिच्यातून निघतात. कर्ण्यातून त्यांतले वरचेच बाहेर पडतात, पण त्या स्वरांमधलं अंतर ४१ चंच राहतं आणि त्या अंतरावरून मेंदू न ऐकलेला मूळ स्वर ओळखून काढतो. त्यात वॉल्व्हचं मशीन ताणून वाजवलं की ते स्वतःच्या पदरचे आणखी वरचे स्वर घालतं. लाऊडस्पीकरवाल्याला यातलं शास्त्र माहीत नसेल, पण मशीनचं बटण कुठवर नेलं की आवाज भरतो आणि कुठे फाटतो, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. आमच्या कानावर जो खर्ज पडला तो हा असा : मूळ स्वर गायब, वरचे स्वर दाट, थोडासा चरचरीत. तीन पिढ्यांचे कान यावर तयार झाले आहेत.

ऑर्केस्ट्रा इथे रुजला तो कारखान्यांच्या कॉलन्यांमुळे. गणपतीत आणि बोनसच्या दिवसांत कार्यक्रम ठरायचे. गायक-गायिका, अकॉर्डियन किंवा कीबोर्ड, ढोलक-ढोलकी, काँगो, लीड गिटार, आणि सगळ्यात मागे बेस. मुंबईच्या सिनेसंगीतात त्याआधी उभा डबल बेस होता, आणि तो वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. साठीच्या दशकात इलेक्ट्रिक बेस आली आणि राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांनी ती घराघरात पोचवली. ती गाणी स्टेजवर बेसशिवाय उभी राहत नाहीत, हे आमच्या संचाच्या मालकाच्या लक्षात आलं तेव्हा मला संधी मिळाली. वाद्य कलकत्त्यात बनलेलं, मुंबईत धोबीतलावच्या दुकानातून आणलेलं. मानेला थोडा बाक होता, पण आवाज गोल होता.

वाद्य आलं, पण त्याचा अँप नव्हता. श्रीरामपुरातच काय, नगरलाही बेसचा वेगळा अँप मी तेव्हा पाहिला नाही. आम्ही लाऊडस्पीकरवाल्याचंच मशीन घेतलं. त्याच्या आठ ओहमच्या टोकाला पंधरा इंची स्पीकर लावला. स्पीकरची पेटी स्टेशन रोडच्या सुतारानं प्लायवूडची बनवून दिली, आत गादीचा कापूस. वजन इतकं की टेम्पोत चढवायला दोघं लागायची. सूर मशीनच्या माइकच्या खोबणीत जायचा. ती खोबण माइकच्या अगदी बारीक आवाजासाठी असते, त्यात गिटारचा सूर लगेच चढतो आणि कडेला खरखरतो. त्या खरखरीमुळेच बेस समोरच्या गर्दीपर्यंत पोचायची. मी ती काढायला कधी कुणाला सांगितलं नाही. मैदानाच्या टोकाला कर्णेच असायचे, तिथे बोटानं वाजवलेला मऊ स्वर पोचायचा नाही, म्हणून मी प्लेक्ट्रमनं वाजवायला लागलो आणि ठेका वरच्या दोन तारांवर जास्त ठेवला. अनेक गावांतल्या बेसवाल्यांनी हेच केलेलं मी नंतर पाहिलं. वाद्य कसं वाजवायचं ते शेवटी स्पीकर ठरवतो.

तेव्हा अमेरिकेत काय चाललं होतं ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा अँप. एव्हरेट हल या डबल बेसवादकानं आपल्या वाद्याच्या पायातल्या खुंटीत पिकअप बसवून आवाज वाढवला. त्यातून अँपेग कंपनी उभी राहिली. त्यांचा बी-१५ हा छोटा अँप १९६० चा. १९६९ साली त्यांनी एसव्हीटी काढला : तीनशे वॉट, चौदा वॉल्व्ह, नुसतं डोकं चाळीस किलोच्या घरात, आणि खाली आठ दहा-इंची स्पीकरचं चार फूट उंच कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या दौऱ्यावर हे अँप होते. आज बाजारातल्या बहुतेक बेस प्रोसेसरमध्ये या एसव्हीटीची आणि बी-१५ ची नक्कल असते.

पण त्याच देशात, त्याच काळात, दुसरी एक गोष्ट घडत होती आणि ती मला जास्त जवळची वाटते. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली एक साधं घर घेतलं आणि त्यातच स्टुडिओ थाटला. त्यांच्या मोटाउन कंपनीची गाणी त्या घरात रेकॉर्ड झाली. जेम्स जेमरसन तिथे बेस वाजवायचे, उजव्या हाताच्या एकाच बोटानं. स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी अशी सोय केली होती की गिटार आणि बेस अँपमध्ये न जाता थेट मिक्सिंगच्या टेबलात जायचे आणि सगळे वादक एकाच स्पीकरमधून स्वतःला ऐकायचे. गाणं मोटारीतल्या रेडिओवर कसं वाजेल याचाही तिथे विचार व्हायचा. जगभरच्या बेसवादकांनी ज्यांच्या स्वराची सगळ्यात जास्त नक्कल केली, त्यांच्या बऱ्याचशा रेकॉर्डवर अँपच नाही. ज्याच्याकडे अँप नाही अशा प्रत्येक पोराला मी हे आवर्जून सांगतो.

बेसची नक्कल करणाऱ्या यंत्राची सगळ्यात मोठी कथा मात्र आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. रोलंड या जपानी कंपनीनं १९८१ च्या अखेरीस टीबी-३०३ नावाचं छोटं चंदेरी खोकं काढलं. गिटारवादकाला एकट्यानं सराव करताना बेसची साथ मिळावी एवढाच त्याचा हेतू. ते बेससारखं वाजलं नाही, खपलं नाही, आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये चरणजित सिंग नावाचे वादक होते, गिटार आणि बेस दोन्ही वाजवणारे, नवी यंत्रं हौसेनं घेणारे. त्यांनी हे खोकं, त्याचं ताल देणारं भावंड टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडले आणि १९८२ साली एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली : सिंथेसायझिंग, टेन रागाज टु अ डिस्को बीट. भैरव, ललित, मेघमल्हार असे राग, खाली तालाचा अखंड ठोका. तेव्हा ती रेकॉर्ड कुणाच्या लक्षात राहिली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच खोक्यातून ॲसिड हाउस नावाचं संगीत काढलं आणि ते जगभर गेलं. चरणजित सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये एका डच माणसानं पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा लोकांना कळलं की मुंबईच्या या बेसवाल्यानं ते आधीच करून ठेवलं होतं. २०१५ साली ते गेले.

मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे, आणि तो त्यांना शोध पहिल्यांदा लागला म्हणून नाही. खोकं बेससारखं वाजत नाही हे त्यांच्यासारख्या बेसवादकाला पहिल्या मिनिटात कळलं असणार. तरी त्यांनी ते बाजूला ठेवलं नाही. त्याला जे येत होतं, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरणं, ते मींडेसाठी वापरलं. ती मींड आपल्या कानातून आली होती.

नव्वदीनंतरचं भराभर सांगतो. आमचे ऑर्केस्ट्रा कमी होत गेले. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं बेसचं काम घेतलं, मग कराओके ट्रॅक आले, मग डॉल्बीच्या भिंती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतरचा मैदानातला कार्यक्रम संपला. भारनियमनाच्या वर्षांत तर कार्यक्रम जनरेटरवरच व्हायचे आणि जनरेटरची घरघर बेसमध्ये उतरायची. वादक रेकॉर्डिंगकडे वळले. कॅसेट कंपन्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं पुण्या-मुंबईत व्हायची. आता ती कामं घरी बसून, फाइल पाठवून होतात.

घरी बेस रेकॉर्ड करताना अँपची नक्कल का लागते, हे खोलीच्या मापावरून समजतं. माझी खोली दहा बाय बारा. ४१ हर्ट्झच्या स्वराची लाट सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे सत्तावीस फूट. ती माझ्या खोलीत मावत नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून फुगतो आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ च्या आसपासचा. म्हणजे सगळ्यात खालच्या सप्तकातली काळी तीन आणि पांढरी सहा दणाणतात, मधलेच काही स्वर गायब होतात. एसव्हीटी कुणी फुकट आणून ठेवला तरी या खोलीत माइक लावून त्याचं रेकॉर्डिंग चांगलं होणार नाही. बाहेर हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून जातात ते वेगळंच. तार सरळ खोक्यात, खोकं सरळ कॉम्प्युटरमध्ये, एवढाच मार्ग उरतो.

खोकं तीन कामं करतं. वॉल्व्हचं मशीन ताणल्यावर जे वरचे स्वर येतात ते घालतं. स्पीकरची पेटी वरचा करकरीतपणा जसा कापते तसा कापतं. आणि माइक कुठे ठेवला होता त्याचा ठसा देतं. अँड्र्यू बार्टा यांच्या टेक-२१ कंपनीनं १९८९ साली सॅन्सअँप काढला, त्यात हे साध्या ॲनालॉग सर्किटनं होत होतं. पुढे त्यांनी खास बेससाठी बेस ड्रायव्हर आणला, जो आजही असंख्य बेसवाल्यांच्या पायाशी आहे. रोलंडचा व्हीजी-८ १९९५ चा. लाइन-६ कंपनीचं पॉड नावाचं लाल खोकं १९९८ मध्ये आलं आणि पाठोपाठ त्याची बेसची आवृत्ती; त्यांत सर्किटच्या जागी गणित होतं. २०११-१२ च्या सुमाराला जर्मनीच्या केंपर यांनी पद्धतच उलटी केली : मशीन कसं बनलं ते शिकण्याऐवजी त्यात ठरावीक आवाज सोडायचा, बाहेर काय येतं ते ऐकायचं, आणि फरक लक्षात ठेवायचा. आता स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं न्यूरल अँप मॉडेलर हेच काम फुकट करतं, साध्या लॅपटॉपवर.

तर घ्यावं काय? माझं मत स्पष्ट आहे. आधी तुझ्या इंटरफेसला, म्हणजे सूर कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीला, गिटारची वेगळी खोबण आहे का ते बघ. तिचा रोध एक मेगाओहमच्या घरात हवा. माइकच्या किंवा लाइनच्या खोबणीत साधी पॅसिव्ह बेस लावली की वरचे स्वर मरतात. ती खोबण असेल तर पहिलं वर्ष खोकं घेऊ नकोस, लॅपटॉपमध्ये नक्कल कर आणि उरलेल्या पैशांत चांगला हेडफोन आणि नव्या तारा घे. खोकं घ्यायचंच असेल तर कोरा सूर आणि घडवलेला सूर अशा दोन वेगळ्या वाटा बाहेर काढणारं घे, म्हणजे आज आवडलेला आवाज उद्या बदलता येतो. त्यावर मिश्रणाचं बटण हवं : खालचा स्वर कोरा, स्वच्छ राहिला पाहिजे आणि खरखर फक्त वरच्या भागात मिसळली पाहिजे. सगळाच सूर मशीनमधून नेला की पाया पातळ होतो. अर्थ तोडणारा खटका हवा, कारण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळीत अर्थिंग धड नसतं आणि पन्नास हर्ट्झची गुणगुण थेट बेसच्या स्वरांतच येऊन बसते. शंभर अँपच्या नकला भरलेल्या खोक्याला भुलू नये. त्यांतले तीन लागतात.

आणि शेवटची परीक्षा मोबाइलवर करावी, स्पीकर उघडा ठेवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून. तुमचं भक्तिगीत, तुमचं लग्नातलं गाणं माणूस तिथेच ऐकणार आहे. मोबाइलचा तो बारीक स्पीकर हा आजचा कर्णा. त्यालाही खालचं काही येत नाही. त्यालाही वरचे स्वर दिले तरच खर्ज असल्याचा भास होतो. प्रोसेसरवरची ड्राइव्हची कळ रॉकवाल्यांसाठी आहे असं मुलं समजतात. माझ्या मते अभंगाच्या बेसला ती जास्त लागते, थोडीशीच, पण लागतेच. लाऊडस्पीकरवाला मशीनचं बटण जिथे थांबवायचा, साधारण तिथे.

यातूनच माझं सध्याचं काम निघालं आहे. या खोक्यांमध्ये लंडन, न्यूयॉर्कचे अँप आहेत. ज्या मशीनवर श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, वैजापूरनं गाणं ऐकलं ते एकातही नाही. म्हणून मी एका बंद झालेल्या साऊंड सर्व्हिसच्या गोदामातून वॉल्व्हचं जुनं मशीन मिळवलं, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने वॉल्व्ह शोधून बसवले, आणि त्याचं मॉडेल बनवतो आहे. तीन मिनिटांचा ठरावीक आवाज माइकच्या खोबणीतून आत सोडायचा, बाहेरचा रेकॉर्ड करायचा, बाकीचं कॉम्प्युटर शिकतो. एका वेळी बटणाची एकच जागा पकडली जाते, म्हणून मी कमी, मध्यम आणि सप्ताहाची अशा वेगळ्या फाइली करतो आहे. कर्ण्याचा ठसा त्याहून सोपा : कर्ण्यातून खालपासून वरपर्यंत घसरत जाणारा सूर वाजवायचा आणि समोर माइक ठेवायचा. तयार झालेली फाइल बऱ्याच नव्या प्रोसेसरमध्ये भरता येते. पहिल्या फाइलमधून मी वडिलांच्या डाव्या हातासारखी एक खर्जाची ओळ वाजवून पाहिली. मुलीनं शेजारच्या खोलीतून विचारलं, यात्रेचं जुनं रेकॉर्डिंग कुठून मिळालं?

असं मशीन तुमच्याकडे माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका, आणि घाईनं चालूही करू नका. आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते राहतात; जाणत्या माणसाशिवाय झाकण उघडू नये. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनला पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावर, साठ किंवा शंभरच्या बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. आणि स्पीकर किंवा त्याच्याएवढा रोध जोडल्याशिवाय वॉल्व्हचं मशीन कधीही चालवायचं नाही, आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि आता तसा भरून देणारे कारागीर थोडेच उरले आहेत. कंडेन्सर बदलून घ्या, वॉल्व्हच्या खोबणी स्पिरिटनं पुसा, आणि मशीनवर कुठल्या गावात, कुठल्या यात्रेला ते वाजलं हे ज्यांना आठवतं त्यांच्याकडून लिहून घ्या. ती चिठ्ठी फाइलच्या नावासोबत ठेवायची आहे.